अनध्याय आणि परवचा

(अभ्यासपाठ : शाळा बंद असता मुलांच्या शिक्षणाविषयी)

विषयप्रवेश

'अनध्याय' हा शब्द आता आपल्या घरांतून फारसा ऐकू येत नाही. परंतु ज्या स्थितीला तो लावीत असत, ती स्थिती आपल्या मुलांच्या वाट्याला वारंवार येऊ लागली आहे. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोविडच्या साथीमुळे शाळांना कुलपे होती. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी वडोदरा शहरात शिरले आणि मुले कित्येक दिवस घरी बसली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात दिल्लीत हवा इतकी दूषित झाली की मुलांचे वर्ग घरूनच घ्यावे लागले. साथ, पूर, धूर, कारण कोणतेही असो, शाळा बंद होण्याचा प्रसंग पुन्हा येणार नाही असे कोणीही म्हणू शकत नाही. तो येण्यापूर्वी, शांत चित्ताने, घराने काय करावे याचा विचार सभासद कुटुंबांपुढे मांडावा, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

अनध्याय म्हणजे काय

ज्या दिवशी गुरूंनी नवा पाठ द्यावयाचा नाही, तो दिवस अनध्यायाचा. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा काही तिथी यासाठी ठरलेल्या होत्या. परंतु तिथींखेरीज आपत्तीचेही अनध्याय शास्त्रकारांनी सांगितले आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात त्यांची मोठी यादीच आहे. मेघांचा गडगडाट, धुळीचे वादळ, भूकंप, गावात चोरांचा उपद्रव, आगीमुळे उडालेला हलकल्लोळ, अशा वेळी अध्ययन बंद ठेवावे असे तेथे सांगितले आहे. त्या यादीतील धुळीचे वादळ वाचताना दिल्लीच्या हवेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संकटकाळी विद्यार्थ्याचे मन स्थिर नसते आणि त्याचा जीव सांभाळणे हे प्रथम कर्तव्य असते, हे त्या काळच्या लोकांसही ठाऊक होते. शाळा बंद ठेवणे म्हणजे विद्येचा अनादर होय, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

मात्र याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात एक अपवाद सांगितला आहे, आणि आजच्या पाठाचा सारा भार त्या अपवादावर आहे. नित्याच्या स्वाध्यायाला अनध्याय लागू होत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नवी संथा थांबेल. पण जे पूर्वी शिकून झाले आहे त्याची रोजची आवृत्ती थांबावयाची नाही. तैत्तिरीय उपनिषदातही घरी परतणाऱ्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात स्वाध्यायाच्या कामी आळस करू नकोस ही आज्ञा आहे. गुरुगृह सुटले तरी अभ्यास सुटत नाही, हाच त्याचा अर्थ.

या ग्रंथांच्या काळी अध्ययनाचा अधिकार थोड्यांनाच होता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलींना आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला तो नाकारला होता. आज कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. हा कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे. म्हणून वरील नियमातील शहाणपण आपण घ्यावे आणि ते आपल्या प्रत्येक मुलाला व मुलीला सारखेच लागू करावे.

६१६ दिवस

गुजरातमधील शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. वरच्या इयत्तांचे वर्ग मध्यंतरी काही काळ भरले. परंतु पहिली ते पाचवीची मुले वर्गात परत बसली ती २२ नोव्हेंबर २०२१ रोजी. हे अंतर ६१६ दिवसांचे भरते. जे मूल पहिलीत अक्षरे गिरवीत होते, ते शाळेत परतले तेव्हा तिसरीत होते. मधली दुसरी त्याने वर्ग न पाहताच ओलांडली.

या काळात किती हानी झाली याचे मोजमाप झालेले आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेली भाषेतील किमान एक क्षमता शेकडा ९२ मुले गमावून बसली होती. गणितात हेच प्रमाण शेकडा ८२ होते. वाचकांनी या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नवे शिकणे राहून गेले, ही हानी निराळीच. येथे मोजले आहे ते जुने विसरणे. पूर्वी वाचता येत होते ते येईनासे झाले. वजाबाकी येत होती ती पुसली गेली.

ग्रामीण भारतातील मुलांची 'असर' नावाची पाहणी ठरावीक वर्षांनी होत असते. दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती, २०२२ मध्ये ती २०.५ झाली. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ वर आले. गेलेले परत मिळविता येते, हा यातील दिलासा. पण ते मिळविण्यात दोन-तीन वर्षे खर्ची पडली, आणि ज्या उंचीवर परत यावयाचे ती उंचीही चार मुलांत एकाचीच होती, हेही विसरून चालणार नाही.

विस्मरणाचा स्वभाव

मूल विसरते ते आळशी असते म्हणून, अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक विसरणे हा मनाचा स्वभावच आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे दाखवून दिले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि किती काळाने त्यांपैकी किती उरते ते मोजी. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, असे त्याला आढळले. एका बैठकीत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने केलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक टिकतात, हेही त्याने नोंदविले.

पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट करून प्रयोग केला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो वाचून, पुस्तक मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक मिटून आठवण्याचा जो त्रास, त्यातच ज्ञान पक्के करण्याची शक्ती आहे.

वेदपाठशाळेत जे चालते ते याहून वेगळे नाही. गुरू एक चरण म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतात, ही संथा. संथेनंतर दिवसच्या दिवस आवृत्ती चालते आणि ती पोथी न पाहता चालते. आपल्या सामान्य घरांतही याचेच एक सोपे रूप होते. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुले देवापुढे बसत, शुभंकरोती म्हणत, मग पाढे, पावकी, निमकी, तिथी-वार-नक्षत्रे आणि स्तोत्रे. यालाच परवचा म्हणत. स्वयंपाकघरातून आजीचे लक्ष असे आणि चुकले की तेथूनच दुरुस्ती येई. शाळा शिकवी आणि परवचा राखी. शाळेचे काम घराने करू नये, करणे शक्यही नाही. परंतु राखण्याचे काम घराचे आहे, आणि अनध्यायाच्या काळात ते दुसरे कोणीच करू शकत नाही.

पडदा आणि माणूस

साथीच्या काळात दूरशिक्षणाचे उपाय योजले गेले. केंद्र सरकारने प्रत्येक इयत्तेसाठी एक स्वतंत्र दूरचित्रवाहिनी ठेवली. गुजरातेत दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ दाखविले गेले. शिक्षकांनी मोबाईलवर धडे पाठविले. या उद्योगाबद्दल कृतज्ञता असावी. परंतु 'असर'च्याच २०२० च्या पाहणीत असे दिसले की ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण दोन वर्षांत शेकडा ३६.५ वरून ६१.८ वर गेले, तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. घरात यंत्र आले. यंत्रातून विद्या येतेच असे नाही.

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असता एक प्रयोग झाला. सुमारे साडेचार हजार कुटुंबांतील काहींना गणिताची उदाहरणे केवळ संदेशाने पाठविली. काहींना संदेश पाठवून शिवाय आठवड्यातून एकदा सुमारे २० मिनिटे फोन केला आणि पालक व मूल या दोघांशी बोलून एक उदाहरण सोडवून घेतले. केवळ संदेशाने फारसे काही साधले नाही. जेथे माणसाचा आवाज पोहोचला तेथे मुलांचे गणित स्पष्टपणे सुधारले. साधा फोन पुरला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला उत्तर ऐकून घेणारे कोणी होते.

पडद्यालाही मर्यादा हवी. शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शिकेत ती घालून दिली होती. शाळापूर्व मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नाही. पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोन तासिका. नववी ते बारावीसाठी अशाच चार. दर वीस मिनिटांनी मुलाने दृष्टी उचलून वीस फुटांवरील वस्तूकडे थोडा वेळ पाहावे आणि दिवसातून काही काळ उघड्या उजेडात खेळावे, हा डोळ्यांच्या वैद्यांचा सल्लाही पाळावा.

घरचा नित्यपाठ

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्राथमिक इयत्तेच्या मुलासाठी रोज एक तास पुरे आहे. तो अखंडच असावा असेही नाही. वेळ मात्र ठरलेली असावी. दिवेलागणीची वेळ उत्तम, कारण त्या सुमारास घरातील एखादे तरी वडीलधारे माणूस बसलेले असते.

१. वाचन (२० मिनिटे). मुलाने मोठ्याने वाचावे आणि कोणी तरी ते ऐकावे. एक पान वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि काय वाचले ते त्याने आपल्या शब्दांत सांगावे. सांगताना अडखळले तर रागावू नये. पुन्हा पान उघडून पाहू द्यावे. पुस्तके नाहीत ही सबब आता राहिलेली नाही. बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके आणि एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात.

२. गणित (१५ मिनिटे). पाढे म्हणावेत आणि त्यांच्या जोडीस अपूर्णांकांचे पाढेही म्हणावेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही आपल्या पूर्वजांची पेढीवरची हत्यारे होती. आज ती पाचवीच्या अपूर्णांकांची भीती घालविण्याच्या कामी येतात. मग हिशेब घरातलाच द्यावा. रवा ४८ रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? कापड १२० रुपये मीटर, तर सव्वादोन मीटरचे किती? छत्तीस आणि दोनशे सत्तर ही उत्तरे मुलाने कागद न घेता दिली, तर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो गुणपत्रिकेने येत नाही.

३. पाठांतर (१० मिनिटे). मनाचे श्लोक २०५ आहेत. दररोज एक घेतला तर सात महिने पूर्ण होण्याच्या आत ते संपतात. ६१६ दिवसांच्या त्या अनध्यायात ते तीनदा पूर्ण झाले असते. स्तोत्रच पाहिजे असे नाही. कविता, सुभाषित, काहीही चालेल. परंतु पाठ करावयाचे त्याचा अर्थ आधी सांगावा. अर्थावाचून केलेले पाठांतर म्हणजे नुसती जिभेची कसरत होय.

४. लेखन (१५ मिनिटे). एक दिवस दहा ओळींचे श्रुतलेखन, दुसऱ्या दिवशी मनचे पत्र. गावी असलेल्या आजोबांना, मामाला, दूर गेलेल्या मित्राला खरेखुरे पत्र लिहावे व ते टपालाने धाडावे. ज्या लेखनाला उत्तर येते ते लेखन मूल मनापासून करते. उत्तर अवश्य पाठवा, असे त्या वडील मंडळींना आपण आधी कळवून ठेवावे.

५. निरीक्षण. याला वेळेचे बंधन नाही. संकष्टीला आपण सारे चंद्रोदयाची वाट पाहतो. त्या वाट पाहण्यातच मोठा धडा आहे. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मग त्यानंतर तीन-चार दिवसांनी येणाऱ्या चतुर्थीला तो रात्री का उगवतो, हे मुलाने स्वतः काढावे. पंधरा दिवस रोज चंद्राचा आकार व वेळ वहीत मांडावी. थोड्या मोठ्या मुलाला पंचांग द्यावे आणि विचारावे : चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा आणि त्यात तिथी ३०, तर एक तिथी किती तासांची? उत्तर सुमारे २३ तास ३७ मिनिटे येते. मग कधी तिथीचा क्षय आणि कधी वृद्धी का होते, हा पुढचा प्रश्न मूल आपणच विचारू लागेल.

वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांनी याच क्रमाने आपल्या विषयांची आवृत्ती करावी. धडा वाचून, पुस्तक मिटून, आठवून लिहिणे, आणि आठवड्याने तेच पुन्हा आठवून पाहणे, हा नियम सर्वांना सारखा आहे.

'आम्हांला येत नाही' ही अडचण

हा विषय निघाला की पुष्कळ घरांतून एकच उत्तर मिळते : आम्ही मराठी शिकलो, मुलांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी, आम्ही काय शिकविणार? आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या बाहेर वसलेल्या समाजात ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. साथीच्या काळात शाळेचे पाठ शाळेच्या भाषेत आले आणि आई त्या पाठापासून दूर राहिली.

परंतु परवचा घेण्यासाठी शिकविता यावे लागत नाही. ऐकता यावे लागते. मुलाने गुजराती धडा वाचावा आणि आजीला त्याचा अर्थ मराठीत सांगावा. जे सांगता येत नाही ते कळलेले नाही, हे मुलालाच उमगते. शिवाय या सांगण्यात मराठीही जिवंत राहते. इंग्रजी शाळेतील मुलाने पृथ्वीच्या परिवलनाचा धडा आजोबांना मराठीत समजावून दिला, तर एका तासात विज्ञान, इंग्रजी आणि मराठी या तिन्हींची आवृत्ती झाली. उपनिषदाने स्वाध्यायाच्या जोडीला प्रवचन सांगितले आहे, ते आम्ही या अर्थानेही घेतो. आधी स्वतः वाचावे, मग दुसऱ्यास सांगावे.

मुलगी, मुलगा आणि भावंडे

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. घरात एकच फोन असला आणि मुले दोन असली, तेव्हा तो फोन आधी कोणाच्या हाती गेला? शाळा बंद होताच पोळ्या लाटावयास आणि धाकट्याला सांभाळावयास कोणाला बसविले? आपल्या कित्येक घरांतून या प्रश्नांचे उत्तर 'मुलीला' असेच आहे. तिने घरकाम शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. मुलानेही ते शिकावे. परंतु तिचा अभ्यासाचा तास हा तिचाच असला पाहिजे. शाळा ही पुष्कळ मुलींसाठी दिवसातील एकमेव अशी जागा असते, जेथे तिला कोणी कामाला हाक मारीत नाही. शाळा बंद झाली की ती जागा घराने करून द्यावी.

थोरल्या भावंडाने धाकट्याला शिकवावे ही आपली जुनी रीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथाश्रमाची शाळा चालविणारे अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली आणि मोठ्या विद्यार्थ्यांकरवी लहानांस शिकविण्याची पद्धत आपल्या शाळेत चालविली. १७९७ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडातील शाळांत ती 'मद्रास पद्धती' म्हणून पसरली. मात्र थोरल्यावर हा भार रोज अर्ध्या तासापलीकडे टाकू नये. त्यालाही स्वतःचा अभ्यास आहे.

आणखी एक सूचना. आपत्तीच्या काळात मूल भ्यालेले असते. घरात आजार असेल, कोणाचे काम सुटले असेल, पुराचे पाणी जिन्यापर्यंत आले असेल. अशा दिवशी परवचा लांबला किंवा नुसत्या गोष्टीवर भागविला तरी चालेल. ठरलेल्या वेळी सर्वांनी जवळ बसणे, एवढेही भ्यालेल्या मुलाला पुष्कळ आधार देते. अभ्यासाच्या निमित्ताने मारणे किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करणे मात्र कोणत्याही दिवशी नको.

समाजाचे कर्तव्य

सर्वच घरांत ऐकणारे माणूस असते असे नाही. आईवडील दोघेही कामावर जातात, पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसते, एका खोलीत सहा माणसे असतात. अशा मुलांचा भार समाजाने उचलावा, आणि वडोदऱ्यात राहणाऱ्यांना तर याचा वारसा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यात लागू केला. शिकलेले मूल पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होते, ही चिंता त्यांच्या कारभारात होती. म्हणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची योजना उभी केली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या धाडल्या जात. एका गावाचे वाचून झाले की पेटी परत येई आणि दुसऱ्या गावी नवी पेटी जाई. दूरशिक्षणाचा हा प्रकार विजेवाचून चालत होता.

अशी ग्रंथपेटी आपल्या प्रत्येक गल्लीत फिरविणे मुळीच अवघड नाही. ज्या घरांतील मुले मोठी झाली त्यांनी आपली जुनी गोष्टींची व पाठ्यपुस्तके द्यावीत. पंधरा-वीस पुस्तकांची एक पेटी दर पंधरवड्याला एका गल्लीतून दुसरीत जावी. साथीच्या काळात गुजरातेतील शिक्षकांनी 'शेरी शिक्षण' म्हणून गल्लीत, ओट्यावर, झाडाखाली थोडी थोडी मुले जमवून शिकविले. पुढे कधी शाळा बंद झाल्या आणि एकत्र बसण्यास मनाई नसली, तर मंदिराचा सभामंडप सायंकाळी तासभर परवच्यासाठी उघडा ठेवता येईल. मनाई असली तर निवृत्त शिक्षक व वडीलधाऱ्या स्त्रियांनी आठवड्यातून एकदा दोन-तीन मुलांना फोन करून त्यांचे वाचन ऐकावे. बोट्स्वानात जे वीस मिनिटांत साधले ते आपल्याला साधू नये असे काय आहे?

समारोप

शाळा केव्हा बंद व्हावी हे आपल्या हाती नाही. रोगराई, पाऊस आणि वारा हे आपल्याला विचारून येत नाहीत, आणि मुलांचा जीव धोक्यात असता शाळा बंद ठेवणे हेच शहाणपण होय. नवा पाठ त्या काळात थांबेल. शाळा उघडल्यावर शिक्षक तो देतील. परंतु आज जे मूल वाचू शकते ते शाळा पुन्हा उघडेल त्या दिवशीही वाचू शकले पाहिजे, एवढी जबाबदारी घराची आहे. ती पार पाडण्यास पदवी लागत नाही, महाग यंत्र लागत नाही. एक ठरलेली वेळ, एक पुस्तक आणि ऐकणारे एक माणूस लागते. हा नित्यक्रम शाळा सुरू असतानाच घरात रुजवावा. संकट आल्यावर नवी सवय लागत नाही, असलेली सवयच उपयोगी पडते.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील प्रत्येक मुलाचे मोठ्याने वाचलेले एक पान आपण या आठवड्यात ऐकले आहे काय?

२. आपल्या घरी मुलीचा आणि मुलाचा अभ्यासाचा वेळ सारखा आहे काय? नसल्यास तो कोणत्या कामाने कमी होतो?

३. आपल्या गल्लीत असे कोणते मूल आहे, ज्याच्या घरी सायंकाळी ऐकणारे कोणी नसते? त्याच्यासाठी आपण आठवड्यातील वीस मिनिटे देऊ शकतो काय?

४. ग्रंथपेटीसाठी आपल्या घरातून कोणती दोन पुस्तके देता येतील?

इत्यलम्.